पाणी येतंय बरोबर, निचरा अडलाय

वाचकाचं पत्र:

"डॉक्टर, नमस्कार. आम्ही पलूस तालुक्यातले. ऊस आणि थोडी द्राक्षबाग. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात विहिरीत पोहताना मध्येच गप झाला आणि खाली जायला लागला. चुलत्यानं उडी टाकून दंडाला धरून पायरीवर आणला. तोंड पांढरंफटक, हातपाय दोन-चारदा झटकले, आणि मिनिटाभरात डोळे उघडून विचारतो, 'मला का बाहेर काढलं?' पुढं शाळेत खो-खोच्या सरावात पळताना परत तसंच झालं. सगळे म्हणाले फिट आहे. कांदा हुंगवला, देवरुषी झाला, मग दीड वर्ष फिटच्या गोळ्या झाल्या. गेल्या महिन्यात मिरजेत एका डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि म्हणाले, ही फिट नाही, हृदयातल्या विजेचा आजार आहे, लाँग क्यूटी सिंड्रोम, घराण्यातून येतो. रक्तात केसीएनक्यू१ नावाच्या जनुकाचा दोष निघाला. टू-डी इको मात्र नॉर्मल. मग आजार आहे तरी कुठं? रोजची गोळी चालू केली आहे, ती किती दिवस? मुलगी नऊ वर्षांची, तिचा ईसीजी चांगला आला, तरी तिचंही रक्त तपासा म्हणतात. यजमानांचा, सासूबाईंचा, दिरांचा, माझ्या थोरल्या भावाचा, त्याच्या मुलीचा, सगळ्यांचा ईसीजी काढायला पुढच्या मंगळवारी मिरजेला जाणार आहोत. सासूबाई म्हणतात, हे तुझ्या माहेरचं. माझा धाकटा भाऊ सतराव्या वर्षी कृष्णेत बुडून गेला, तोही पट्टीचा पोहणारा होता. मलाही लग्नाआधी दोनदा चक्कर येऊन पडायला झालं होतं, पण ते नवरात्राच्या उपासानं असेल. आणि दादाची मुलगी आमच्या घरात करायची असं दोन्हीकडं चेष्टेत का होईना ठरलेलं आहे. ईसीजीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. समजेल असं सांगा. – एक आई"

ताई,

तुमच्या पत्रातलं 'मला का बाहेर काढलं?' हे वाक्य मी दोनदा वाचलं. निम्मं निदान तिथंच होतं. मेंदूच्या मोठ्या फिटनंतर माणूस बराच वेळ गुंगीत असतो, अंग ठणकतं, कुठं आहोत ते उमजत नाही, झोप लागते. तुमचा मुलगा मिनिटाभरात भांडायला तयार! हृदयाचा ठोका बिघडला की मेंदूचं रक्त तुटतं, दहा-बारा सेकंदांत शुद्ध जाते, हातपाय झटकतात. ठोका जागेवर आला की गेलेली लाईट यावी तसा माणूस परत येतो. काठावर उभ्या असलेल्याला दोन्ही सारखंच दिसतं. दर वेळी फरक इतका स्वच्छ नसतो हेही खरं. पण पळताना, पोहताना किंवा दचकून जो पडतो त्याचा ईसीजी आधी काढायचा, एवढं तरी आम्हा डॉक्टरांना पाठ असायला हवं.

हे मी शहाणपण म्हणून सांगत नाही. बावीसएक वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात माझा दवाखाना होता. शाळेच्या स्पर्धेत धावताना पडलेली एक मुलगी तिच्या मामानं आणली. मी डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली, चिठ्ठीवर 'फिट' लिहिलं आणि पुढच्या डॉक्टरांकडं पाठवलं. ईसीजीचं मशीन शेजारच्या खोलीत होतं, त्यावर बायकोनं शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर. ते मी काढलंच नाही. तिचं निदान पुढं दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरनं केलं, आणि ते हेच होतं. मला हे कळलं एसटी स्टँडवर, त्याच मामाकडून. तो रागावलासुद्धा नाही. तेव्हा तुमच्या आधीच्या डॉक्टरांना मी काही बोलणार नाही.

आता इकोचं. टू-डी इको म्हणजे आवाजाच्या लहरींनी काढलेलं हृदयाचं चित्र. भिंती किती जाड, झडपा नीट मिटतात का, पंप किती जोरानं मारतो, हे त्यात दिसतं. मोटर उघडून बघितली, पंखा शाबूत, बेअरिंग शाबूत, फुटव्हॉल्व शाबूत. दोष स्टार्टरच्या टायमरमध्ये असेल तर मोटर उघडून काय सापडणार? मुलाच्या हृदयाची घडण खरोखरच चांगली आहे. चुकलंय ते वेळेचं गणित, आणि तेही सेकंदाच्या पंचविसाव्या भागाएवढं.

वीज म्हटलं की तारा डोळ्यांपुढं येतात. हृदयातली वीज तशी नाही. ती म्हणजे मिठासारख्या क्षारांच्या भारित कणांची ये-जा, पेशीच्या आत आणि बाहेर. रात्री थ्री फेज आल्यावर बॅटरी घेऊन दारं धरायला तुमच्या घरातलं कुणी ना कुणी जात असेल, म्हणून त्याच भाषेत सांगतो. हृदयाची एक पेशी म्हणजे उसाची एक सरी समजा.

पेशी विसाव्यात असते तेव्हा तिच्या आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ९० मिलिव्होल्टनं उणे असते. बाहेर सोडियम भरपूर, आत पोटॅशियम भरपूर. पेशीच्या पापुद्र्यात प्रथिनांची बारीक दारं असतात, ज्याची त्याची वेगळी. शेजारच्या पेशीकडून इशारा आला की सोडियमची दारं उघडतात आणि मिलिसेकंदाभरात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, लोंढा आत घुसतो. दारं फोडल्यावर पाटाचं पाणी सरीत शिरावं तसं. उणेचं अधिक झालं की ही दारं लगेच मिटतात. मग कॅल्शियम सावकाश आत येत राहतं, आणि प्रत्यक्ष ठोका, म्हणजे स्नायूचं आकुंचन, पडतो तो त्या कॅल्शियममुळं. शेवटी निचरा. पोटॅशियम आतून बाहेर जातं आणि पेशी परत उणेवर येते. निचरा झाल्याशिवाय ती पुढचं पाणी घ्यायला मोकळी होत नाही. एवढं सगळं सेकंदाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात उरकतं. बाहेर गेलेलं पोटॅशियम आत आणि आत आलेलं सोडियम बाहेर ढकलायला एक मोटर चोवीस तास चालू असते, तीन सोडियम बाहेर टाकते, दोन पोटॅशियम आत घेते. तिचा या प्रकरणात काही गुन्हा नाही.

तुमच्या मुलाचं पाणी येतंय बरोबर. निचरा अडलाय. कृष्णाकाठच्या माणसाला हे जास्त फोडून सांगायला नको. वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात केवढी सोन्यासारखी काळी रानं क्षारपड झाली. पाणी कमी पडलं म्हणून नव्हे. येत राहिलं आणि जायला वाट राहिली नाही म्हणून. आता लोक जमिनीखाली भोकांचे पाईप घालून निचरा करतात. पेशीला निसर्गानं असे निचऱ्याचे दोन मोठे चर दिलेले आहेत. एक चटकन चालू होणारा, त्याचा नकाशा केसीएनएच२ या जनुकात आहे. दुसरा जरा सावकाश चालू होणारा, पण निकड पडली की रुंद होणारा. त्याचा नकाशा केसीएनक्यू१ मध्ये, माणसाच्या अकराव्या गुणसूत्रावर. मुलाचा बिघाड या दुसऱ्यात आहे. हा लाँग क्यूटीचा पहिला प्रकार, आणि सगळ्यांत जास्त आढळणारा. सगळे प्रकार धरून हा आजार साधारण दोन हजारांत एकाला असतो. म्हणजे तुमच्या गावात अजून एखादं घर असायला हरकत नाही, आणि तिथंही कदाचित कांदाच हुंगवत असतील.

जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक चांगली असताना आजार का व्हावा? कारण हे दार चार तुकडे जुळून बनतं. निम्मे तुकडे खोटे निघाले आणि कारागीर डोळे मिटून चार-चार जुळवत बसला, तर चारही खरे असलेलं दार सोळांत एकच मिळेल. खोट्या एका तुकड्यानं अख्खं दार अडावं असे काही बदल असतात, त्यात आजार जोर धरतो. दुसऱ्या काही बदलांत खोटा तुकडा जुळणीपर्यंत पोचतच नाही, निम्मी दारं तरी धड राहतात, आणि त्रास बेताचा होतो. म्हणून रिपोर्टवर जनुकाच्या नावापुढं अक्षरा-आकड्यांची जी ओळ आहे ती सांभाळा. भावाच्या किंवा मुलीच्या रक्तात शोधायचा तो नेमका तोच बदल, आणि तो शोधणं पहिल्या तपासणीपेक्षा सोपं असतं.

झेरॉक्स पाठवलीत हे बरं केलंत. तीच समोर घ्या. ईसीजीच्या लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरं दिली आईनथोव्हेन या डच शास्त्रज्ञानं, ज्यांना १९२४ चं नोबेल मिळालं. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे बारीक एक चौकोन ४० मिलिसेकंदांचा. उंच सुळका जिथं सुरू होतो तिथं टाचणी ठेवा आणि त्याच्यामागच्या बुटक्या टेकडीचा, म्हणजे टी लाटेचा, उतार जिथं जमिनीला टेकतो तिथपर्यंत मोजा. मला अकरा चौकोन मिळाले. अकरा गुणिले चाळीस, ४४० मिलिसेकंद. हाच क्यूटी. पाणी शिरल्यापासून निचरा संपेपर्यंतचा वेळ. आता एका सुळक्यापासून पुढच्या सुळक्यापर्यंत मोजा. वीस चौकोन, ८०० मिलिसेकंद, म्हणजे मिनिटाला ७५ ठोके. ठोके जलद असले की क्यूटी आपोआप आखडतो, म्हणून त्याची ठोक्याशी सांगड घालावी लागते. बॅझेट यांनी १९२० साली दिलेला हिशोब अजून चालतो: क्यूटीला दोन ठोक्यांमधल्या सेकंदांच्या वर्गमुळानं भागायचं. ०.८ चं वर्गमूळ ०.८९४, आणि ४४० ला त्यानं भागलं की ४९२. पुरुषांत साधारण ४५०, बायकांत ४६० पर्यंत चालतं. पुन्हा पुन्हा काढून ४८० च्या वर येत असेल तर लाँग क्यूटी म्हणायला डॉक्टर कचरत नाहीत, आणि ५०० च्या पुढं धोका आणखी वाढतो. मशीन कोपऱ्यात स्वतः एक आकडा छापतं. त्याच्यावर विसंबू नका, टी लाट पसरट असली की मशीन चकतं.

तुमच्या मुलाचा निचरा चाळीसएक मिलिसेकंद उशिरा होतो. झोपेत, जेवताना, अभ्यासाला बसल्यावर त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते पळताना.

पळायला लागलं की ॲड्रेनलिन, म्हणजे धावपळीला अंग तयार करणारं संप्रेरक, रक्तात सुटतं. ते दोन कामं करतं. कॅल्शियमची दारं जास्त उघडतं, म्हणजे ठोका जोरात पडावा. आणि त्याच वेळी दुसरा चर, केसीएनक्यू१ चा, रुंद करतं, म्हणजे वाढलेलं पाणी वेळेत निघून जावं. किती चोख व्यवस्था आहे बघा: आवक वाढवली तर जावकही वाढवायची. ठोके १५० वर गेले की दोन ठोक्यांत ४०० मिलिसेकंद उरतात. निरोगी हृदयाचा क्यूटी तेव्हा तीनशेच्या आत येतो. तुमच्या मुलाचा चर रुंद व्हायलाच तयार नाही. आवक वाढली, जावक तेवढीच. क्यूटी थोडा आखडतो, पण पुरेसा नाही. सरीत पाणी तुंबून राहतं आणि मग मिटलेली कॅल्शियमची काही दारं, वेळ नसताना, परत उघडतात. पाणी ओसरायच्या ऐवजी एक उलटी उसळी येते. ही अवेळी उसळी शेजारच्या पेशींत पसरली, आणि त्यांतल्या काही मोकळ्या झालेल्या, काही अजून तुंबलेल्या असल्या, की लाट वाट मिळेल तशी फिरत सुटते. मिनिटाला दोनशेच्या वर ठोके, पण रक्त पुढं ढकलण्याच्या उपयोगाचा एकही नाही. ईसीजीवर हे सुळके एकदा वर, एकदा खाली, दोरीला पीळ भरावा तसे दिसतात. देसर्तेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १९६६ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि नावही पिळाचंच दिलं, 'तोर्साद द प्वाँत'. बहुतेक वेळा हा पीळ आपोआप उलगडतो आणि मुलगा डोळे उघडतो. कधी उलगडत नाही, ठोक्याची नुसती थरथर उरते, आणि तेव्हा शॉक दिल्याशिवाय माणूस वाचत नाही. तुमच्या मुलाचा दोन वेळा उलगडला.

पाणीच का? २००१ साली ६७० रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या प्रकारात ६२ टक्के प्रसंग अंगमेहनतीत घडले होते, झोपेत किंवा आराम करताना फक्त ३ टक्के. आणि पोहताना घडलेले जवळजवळ सगळेच्या सगळे याच प्रकारातले. पोहण्यात दम लागतो तो एक भाग. दुसरा असा, की गार पाणी तोंडावर आलं की शरीर ठोका आवरायला बघतं, आणि हातपाय मारायला ठोका वाढवायला लागतो. एकाच बैलाला 'हो' आणि 'चल' दोन्ही एकदम म्हटल्यासारखं. शिवाय शर्यतीत पडला तर गुडघा फुटतो, विहिरीत शुद्ध गेली तर काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या प्रकारातल्या माणसांना गजराच्या घड्याळानं, फोनच्या घंटीनं दचकून होतं. तिसऱ्या प्रकारात झोपेत. दार वेगळं, म्हणून वेळही वेगळी. पण ते तुमच्या घरचं नव्हे.

गोळी. नाव तुम्ही लिहिलं नाही, बहुधा प्रोप्रानोलॉल किंवा नॅडोलॉल असेल. ती चर दुरुस्त करत नाही. ॲड्रेनलिन जिथं येऊन कळ दाबतं त्या कळीवर ती हात ठेवते. मग आवक बेफाम वाढत नाही, ठोकेही आवरात राहतात, आणि आहे तो चर पुरतो. पहिल्या प्रकारात या गोळ्या सगळ्यांत चांगल्या लागू पडतात. किती दिवस, तर आजचं उत्तर 'कायम'. मुलगा सहा महिने पडला नाही म्हणून 'आता बरा झाला' असं कुणी म्हणालं तर लक्ष देऊ नका, तो पडला नाही ते गोळीमुळंच. गोळ्या चालू असताना पुन्हा त्रास झालेल्यांची चौकशी केली की बरेचदा गोळी चुकलेली निघते, नाहीतर मध्येच भलतं औषध पोटात गेलेलं. घरात किमान तीन आठवड्यांचा साठा ठेवा, आणि पावसाळ्यात तो घड्याळ-पाकिटासारखा हाताशी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात काय झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघितलंय. मेडिकलवाला 'ही नाही, तिच्यासारखी दुसरी आहे' म्हणाला तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय बदलू नका, या गटातल्या सगळ्याच गोळ्या या आजाराला सारख्या चालत नाहीत. मुलाला दमा असेल तर आधीच सांगा. आणि ही गोळी घेणाऱ्या लहान मुलाला उपाशी ठेवायचं नाही, साखर उतरते. उलट्या-जुलाबांत तो जेवत नसेल तर त्याच दिवशी फोन करा. फिटच्या गोळ्या मात्र स्वतःहून एकदम तोडू नका, त्या कशा कमी करायच्या ते दोन्ही डॉक्टर मिळून सांगतील.

भलतं औषध म्हणजे कुठलं? पहिला निचरा, तो केसीएनएच२ चा, अजून धड आहे. सगळी भिस्त त्याच्यावर. आणि नेमका तोच अडवणारी औषधं आपल्याकडं शेंगदाण्यासारखी वाटली जातात. ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन. बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल. मलेरियाची क्लोरोक्विन. उलटी थांबवायचं ओन्डॅनसेट्रॉन. आणि ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये जोडीनं येणारं डोमपेरिडोन, ज्याचं नाव पाकिटावर इतकं बारीक असतं की चष्मा लावून मलाही दोनदा वाचावं लागतं. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिनही नको, ते ॲड्रेनलिनचा चुलतभाऊ आहे. 'क्रेडिबलमेड्स' नावाच्या संकेतस्थळावर अशा औषधांची यादी मिळते. एका जाड कागदावर 'लाँग क्यूटी, प्रकार १' असं लिहून त्याच्या दप्तरात, तुमच्या पर्समध्ये आणि गावातल्या डॉक्टरांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा. जुलाब लागले तर ओआरएस लगेच सुरू करा. पोटॅशियम उतरलं की उरलेला निचराही मंदावतो.

मुलीचं रक्त तपासा. नाणं उडवावं तसा प्रत्येक लेकराला निम्मा संभव असतो, आणि पहिल्याला मिळालं म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही. जनुकात दोष असलेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शाच्या लोकांचा आरामात काढलेला ईसीजी चक्क नॉर्मल येतो. तोच बदल तिच्यात नसेल तर ती या आजारातून कायमची सुटली, दरवर्षी ईसीजी नको, गोळी नको, विहीरही मोकळी. असेल तर पडायच्या आधी कळलं. दोन्हीकडून फायदाच आहे, म्हणून मी इथं 'विचार करा' वगैरे म्हणत बसत नाही.

खेळाचं थोडक्यात. विहीर आणि नदी बंद. कधी काळी डॉक्टर हो म्हणाले तरी एकट्यानं कधीच नाही. खो-खो, कबड्डी, शर्यत सध्या बंद. पूर्वी अशा मुलांना सरसकट जन्मभर खेळबंदी करायचे, आता गोळी नीट चालू असेल आणि ट्रेडमिलवर क्यूटी बरा वागत असेल तर डॉक्टर आणि आईवडील बसून ठरवतात. चालत शाळेला जाणं, सायकल, शेतात हिंडणं चालू द्या, त्याला काचेच्या बरणीत ठेवू नका. शाळेत मात्र मुख्याध्यापकांना आणि पीटीच्या सरांना सांगा. पडला आणि श्वास दिसला नाही तर कांदा शोधायचा नाही. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खाली जाईल असं दाबत राहायचं आणि दुसऱ्यानं १०८ लावायचा. गोळी चालू असतानाही पडला तर पुढचे उपाय आहेत, डाव्या बाजूची हृदयाकडं जाणारी नस तोडण्याची शस्त्रक्रिया किंवा छातीत बसवायचं शॉकचं यंत्र. आज त्याची काळजी नको.

आता सासूबाई. जनुक तुमच्या माहेरचं असू शकतं, ही शंका वैद्यकीयदृष्ट्या वाजवीच आहे. तुमचा भाऊ बुडाला म्हणून गेला की ठोका बिघडला म्हणून बुडाला, हे आज कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण पट्टीचा पोहणारा सतराव्या वर्षी पाण्यात जातो आणि भाच्याच्या रक्तात हा दोष निघतो, तेव्हा माझ्या मनात दुसरीच शंका आधी येते. सासूबाईंचं चुकतं ते पुढं, 'तुझ्या माहेरचं' याचा 'तुझं' असा अर्थ काढण्यात. जनुक कुणी निवडून देत नाही. तुमच्या आईला किंवा वडिलांना ते जिथून आलं, त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. सासूबाईंना असंही सांगून बघा, की भाऊ गेला तेव्हा कुणी हे ओळखलं असतं तर त्यांच्या नातवाला दीड वर्ष भलत्या गोळ्या खाव्या लागल्या नसत्या. नातवाचं नाव घेतलं की सासवा जरा ऐकतात.

दादाची मुलगी करायची गोष्ट मात्र चेष्टेतही थांबवा, निदान दादाचं रक्त तपासेपर्यंत. दादात हाच बदल असेल तर त्याच्या मुलीत असण्याचा निम्मा संभव. तुमच्या मुलात आहेच. अशा दोघांच्या प्रत्येक मुलाला चारांत एक शक्यता की दोन्ही प्रती खोट्या मिळतील. त्याचं रूप फार वाईट असतं. १९५७ साली येरवेल आणि लांगे-निल्सन या दोन डॉक्टरांनी नॉर्वेतल्या एका घराची हकीकत लिहिली. सहापैकी चार मुलं जन्मतः बहिरी, बेशुद्ध पडणारी, आणि त्यांतली तीन अचानक दगावली. बहिरी का, तर कानाच्या आतल्या शंखात जे पोटॅशियमनं भरलेलं पाणी लागतं, ते याच दारातून येतं. मामाची मुलगी करण्याची आपल्याकडची रीत मला काही पाप वाटत नाही, माझ्या घरातही दोन जोड्या आहेत. पण जिथं दोष माहीत आहे तिथं हा जुगार आहे. दादात बदल नसेल तर या कारणापुरती काळजी मिटली. बाकी स्थळांना सांगायचं की लपवायचं, तर सांगायचं. रोज सकाळी गोळी घेणारा नवरा फार दिवस लपत नाही.

मंगळवारच्या यादीबद्दल. सासूबाई आणि दीर आत्ताच नकोत. आधी मुलाच्या आईवडिलांपैकी कुणाकडून आलं ते बघायचं आणि मग फक्त त्या बाजूनं पुढं जायचं, नाहीतर जीपभर माणसं आणि हजारांनी खर्च. क्वचित हा बदल मुलातच पहिल्यांदा झालेला असतो, तेही यातूनच कळेल. यजमान हवेत, थोरले भाऊ हवेत, मुलगी हवी. तुमच्या यादीत एक नाव राहिलंय, ताई. नवरात्रातल्या त्या दोन चकरांच्या वेळी तुम्ही काय करत होता, बसून होता, की गरब्यात होता, की पाण्याची घागर घेऊन चढण चढत होता, हे आठवून कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांपुढं पहिल्यांदा तुम्ही बसा. ईसीजीला उपाशीपोटी जावं लागत नाही. नाश्ता करून निघा.